हेडमास्तर डॉ. डोनाल्ड हेब

वर्गात दंगा करणाऱ्या मुलास कोणती शिक्षा द्यावी, हा प्रश्न शिक्षकवर्गास फार पुरातन काळापासून सतावीत आलेला आहे. छडी, अंगठे धरून उभे राहणे, शाळा सुटल्यावर थांबून शंभर ओळी लिहिणे इत्यादी उपाय आमच्या पिढीने विद्यार्थी ह्या नात्याने भरपूर अनुभवले आहेत. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी कॅनडा देशात मॉन्ट्रियल शहराच्या एका उपनगरात एक तरुण हेडमास्तर होऊन गेले. त्यांची रीत सर्वांहून उलटी होती. त्यांनी आपल्या शाळेतील ६ ते १५ वर्षे वयाच्या सुमारे ६०० मुलांस एके दिवशी असे सांगितले की, ज्याला अभ्यास नको असेल त्याने तो खुशाल करू नये. मात्र जो वर्गात इतरांस त्रास देईल त्यास शिक्षा म्हणून मैदानावर खेळावयास पाठविण्यात येईल, आणि जो चांगला वागेल त्यास बक्षीस म्हणून आणखी अभ्यास मिळेल! विद्यार्थी मित्रहो, अशी शाळा आपणास मिळाली असती तर काय बहार झाली असती, असे तुम्हांस वाटेल. पण घडले ते निराळेच. एक-दोन दिवसांतच त्या मुलांस कळून आले की, नुसते रिकामे राहण्यापेक्षा काम करणेच बरे. आणि त्या वर्षी त्यांचे गणित पूर्वीपेक्षा सुधारले.

हे हेडमास्तर म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले मानसशास्त्रज्ञ डॉ. डोनाल्ड ओल्डिंग हेब. शिकताना आपल्या मेंदूत नेमके काय घडते, ह्या प्रश्नास त्यांनी जे उत्तर दिले, त्यावर आजचे मेंदूविज्ञान व विचार करणारी यंत्रे बनविण्याचे शास्त्र ही दोन्ही पुष्कळ अंशी उभी आहेत. आमच्या मुलाच्या डोक्यात मुळातच काही नाही, असे उद्गार पालकांच्या तोंडून दरवर्षी निकालाच्या दिवशी ऐकू येतात. तेव्हा डोक्यात काय असते व ते कसे येते, ह्याचा शोध करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे चरित्र पालकांनीही वाचावे अशी आमची इच्छा आहे.

हेब ह्यांचा जन्म २२ जुलै १९०४ रोजी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात चेस्टर ह्या लहानशा गावी झाला. आई व वडील दोघेही डॉक्टर होते. चार भावंडांत डोनाल्ड सर्वांत वडील. आईने त्यांस आठव्या वर्षापर्यंत घरीच शिकविले. मुले आपल्या हातांनी व आपल्या आवडीने शिकतात, हे मॅडम माँटेसरी ह्यांचे मत ह्या माउलीस पटलेले होते. शाळेत गेल्यावर मुलाची इतकी प्रगती दिसली की, दहाव्या वर्षीच त्यास सातव्या इयत्तेत घालण्यात आले. मात्र पुढे अकराव्या इयत्तेत स्वारी चक्क नापास झाली व ते वर्ष तिला पुन्हा काढावे लागले. एकाच बालकाच्या ठायी चार-पाच वर्षांच्या अंतराने ही दोन्ही रूपे दिसावी, हे प्रगतिपुस्तक वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डलहौसी विद्यापीठातून १९२५ साली ते पदवीधर झाले, पण गुण बेताचेच होते. मनात कादंबरीकार होण्याची हौस होती. आपल्या गावच्या शाळेत त्यांनी काही काळ मास्तरकी केली, मग पश्चिमेकडे आल्बर्टा प्रांतात जाऊन शेतावर राबले, क्वेबेक प्रांतात मजुरीही केली. कादंबरी काही हातून झाली नाही. ह्याच भटकंतीच्या सुमारास फ्रॉइडचे ग्रंथ वाचून त्यांना मानसशास्त्राची गोडी लागली. गोडीबरोबर असेही वाटले की, ह्या शास्त्रास अद्याप भक्कम पाया नाही. १९२८ साली त्यांनी मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात वरच्या शिक्षणासाठी नाव घातले, आणि त्याच वेळी वर सांगितलेली हेडमास्तरकीही पत्करली.

पुढची काही वर्षे कसोटीची गेली. कमरेच्या सांध्यास क्षयरोगाने ग्रासले व सुमारे एक वर्ष त्यांना अंथरुणावर पडून काढावे लागले. त्या अंथरुणातच त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला. मज्जातंतूंच्या उपजत वाटणाऱ्या प्रतिक्रियादेखील गर्भावस्थेत शिकूनच आलेल्या असाव्यात, असे त्यात प्रतिपादन होते. १९३२ साली पदवी मिळाली, पण आपला तो सिद्धांत चुकीचा होता, हे पुढे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगून टाकले. आजार गेला तरी पाय जन्माचा लंगडा राहिला. त्यातच १९३३ साली, बरोबर त्यांच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, त्यांच्या तरुण पत्नीचे मोटार अपघातात निधन झाले. शाळेतील सुधारणाही क्वेबेकच्या प्रॉटेस्टंट शाळांच्या ताठर अभ्यासक्रमापुढे अडून बसल्या. ख्रिस्ती शाळेच्या शिक्षकास हे लिहिताना थोडे अवघड वाटते, पण जे झाले ते झाले.

१९३४ साली हेब शिकागोस प्राध्यापक कार्ल लॅश्ली ह्यांच्याकडे गेले व पुढल्या वर्षी गुरूंच्या पाठोपाठ हार्वर्ड विद्यापीठात आले. अंधारात वाढविलेल्या उंदरांच्या दृष्टीवर प्रयोग करून १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. लॅश्ली ह्यांनी एक मोठे कोडे जगापुढे ठेविले होते. उंदरास चक्रव्यूहातील वाट शिकवावी, मग त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा एखादा तुकडा काढून टाकावा. तुकडा कोठूनही काढा, तो शिकलेली वाट समूळ विसरत नाही. थोडा अडखळतो इतकेच. मग ती आठवण राहते तरी कोठे?

ह्या कोड्याची दुसरी बाजू त्यांना मॉन्ट्रियल येथे दिसली. तेथे १९३७ पासून ते सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफिल्ड ह्यांच्या रुग्णांची बुद्धी तपाशीत असत. अपस्मार बरा करण्यासाठी मेंदूच्या पुढील भागाचा बराच अंश काढलेली प्रौढ माणसे बुद्धीच्या परीक्षेत पूर्वीइतकेच गुण मिळवीत. उलट लहानपणीच मेंदूस इजा झालेल्या मुलांची बुद्धी पुष्कळदा कायमची अधू राहात असे. हेब ह्यांनी ह्यावरून असे ताडले की, बाळपणीच्या अनुभवाने मेंदूत काहीतरी घडविले जाते. एकदा ते घडले की पुढे थोडे भांडवल गेले तरी संसार चालतो, पण घडण्यापूर्वीच भांडवल गेले तर इमारतच उभी राहात नाही. पुढे किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात व नंतर १९४२ पासून फ्लॉरिडातील वानरांच्या प्रयोगशाळेत हाच धागा त्यांनी धरून ठेविला. त्यांनी काही उंदीर घरी नेऊन आपल्या मुलींचे खेळगडी म्हणून मोकळे वाढविले. घरभर हुंदडलेले हे उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्या आपल्या भाऊबंदांपेक्षा चक्रव्यूहाच्या परीक्षेत सरस ठरले.

हे सर्व विचार एकत्र करून १९४९ साली त्यांनी वर्तनाच्या रचनेविषयी एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जो नियम आहे तो आता समजावून घेऊ.

मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. प्रत्येकीस एक लांब तंतू असतो व तो इतर पेशींजवळ जाऊन थांबतो. दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते. ह्या भेटीच्या जागेस सिनॅप्स म्हणतात. आपण तिला सांधा म्हणू. एका पेशीस असे हजारो सांधे असतात. पहिली पेशी चेतली म्हणजे सांध्यावाटे दुसरीस धक्का पोहोचतो. सांधा बळकट असेल तर दुसरीही चेतते, दुबळा असेल तर ती स्वस्थ राहते. हेब ह्यांचे म्हणणे असे की, पहिली पेशी दुसरीस चेतविण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्या दोहोंमधील सांध्यात काहीतरी वाढ होऊन तो अधिक बळकट होतो. अशा रीतीने एकत्र काम करणाऱ्या पेशींचा एक गट जमतो. हा गट मेंदूत दूरवर पसरलेला असतो. म्हणून एक तुकडा काढला तरी आठवण सर्वस्वी नाहीशी होत नाही. लॅश्ली ह्यांच्या कोड्याचे उत्तर ते हेच. वापराने सांधे दृढ होत असावेत अशी कल्पना स्पेनचे थोर शास्त्रज्ञ काहाल ह्यांनी १८९४ सालीच सुचविली होती. परंतु कोणता सांधा, केव्हा व कशामुळे दृढ होतो, हे नियमाच्या रूपाने स्वच्छ मांडण्याचे श्रेय हेब ह्यांचे.

ह्या नियमाचा मोठा गुण असा की, त्याचे गणित करता येते. समजा, सांध्याचे बळ १० आहे. पेशी चेतली तर १ लिहा, नाही तर ०. दोहोंचा गुणाकार करा व तो बळात मिळवा. दोन्ही चेतल्या तर १ × १ = १, म्हणून बळ ११ झाले; एकच चेतली तर १ × ० = ०, म्हणजे बळ होते तेवढेच. चौथीच्या मुलासही हे साधेल. पण हेच गणित हजार वेळा करून पाहा, म्हणजे त्यातील खोट ध्यानी येते. बळ वाढले की दुसरी पेशी अधिक सहज चेतते. ती चेतली की बळ आणखी वाढते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी ही वाढ थांबतच नाही. धन्याने सोपविलेल्या द्रव्याचा जो दाखला शुभवर्तमानात आहे, त्यात ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळते. येथेही तसेच होऊन शेवटी सगळेच सांधे कमाल मर्यादेस जाऊन पोहोचतात. मग सर्व पेशी एकदमच चेतणार, आणि सर्वच चेतल्या तर कोणती आठवण कोणाची हे कसे ओळखावे? गुणपत्रिकेत सर्वांनाच शंभर गुण दिले तर परीक्षा न घेतल्यासारखेच होते.

ही खोट नुसत्या अंदाजाने नव्हे, तर प्रत्यक्ष यंत्रावर पडताळून पाहण्यात आली. आय.बी.एम. कंपनीतील नॅथॅनियल रॉचेस्टर व त्यांचे सहकारी ह्यांनी संगणकावर कृत्रिम मज्जापेशींचे जाळे मांडले व १९५६ साली आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रथम ६९ पेशी घेतल्या. सांधे बेसुमार वाढू नयेत म्हणून त्यांच्या बळाची एकंदर बेरीज ठराविक राखली. घरची धान्याची कणगी एकच असली म्हणजे एकाच्या ताटात जास्त पडले की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणारच, तसे. तरीही हेब ह्यांनी वर्णिलेले गट काही जमेनात. तेव्हा मॅक्गिल येथील हेब ह्यांचे सहकारी पीटर मिल्नर ह्यांच्या सूचनेवरून दुसऱ्या पेशीस चेतविण्याऐवजी दडपणारे सांधेही घातले, पेशींची संख्या ५१२ केली, आणि मग गट दिसू लागले. नियम खोटा नव्हता, पण अपुरा होता. हेब ह्यांनी आपला सिद्धांत सोडला नाही, की ह्या दुरुस्तीबद्दल रागही मानला नाही. ज्याने आपला पहिला प्रबंध चुकीचा म्हणून स्वतःच बाजूस टाकला, त्यास ह्यात जड ते काय?

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९७३ साली टिमोथी ब्लिस व टेर्ये लोमो ह्यांनी नॉर्वेतील ऑस्लो येथे भुलीखालील सशांच्या मेंदूवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका तंतूच्या जुडीस जलद विजेचे धक्के दिले असता तेथील सांधे बळकट झाले व काही तासपर्यंत बळकट राहिले. नियम मांडल्यापासून चोवीस वर्षांनी मिळालेला हा प्रत्यक्ष पुरावा. १९८२ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात बीनेनस्टॉक, कूपर व मनरो ह्या तिघांनी एक नवे गणित मांडले. त्यात पेशीच्या चेतनेस एक उंबरठा कल्पिला आहे. चेतना उंबरठ्याच्या वर गेली तर सांधा बळकट होतो, खाली राहिली तर दुबळा होतो. आणि पेशी बरेच दिवस फार चेतत राहिली तर उंबरठाच वर सरकतो. वर्गातील सर्वच मुले भरपूर गुण मिळवू लागली म्हणजे मास्तर जशी उत्तीर्ण होण्याची मर्यादा वाढवितात, तसाच हा प्रकार. चक्रवाढीस येथे आपोआप लगाम बसतो. ह्या गणिताने असे भाकीत केले होते की, मंद उत्तेजन दिल्यास सांधा नुसता स्वस्थ न राहता दुबळा झाला पाहिजे. १९९२ साली ब्राउन विद्यापीठातच डुडेक व बेअर ह्यांनी उंदरांच्या मेंदूच्या चकत्यांवर सेकंदास एक अशा गतीने ९०० वेळा उत्तेजन देऊन पाहिले, तो सांधे खरोखरच दुबळे झाले. कागदावरील गणिताने प्रयोगशाळेस वाट दाखवावी, ह्यासारखी आनंदाची गोष्ट शास्त्रात दुसरी नाही.

आणखी एक बारकावा आहे. दोन पेशी एकदम चेतल्या की त्यांचा सांधा जुळतो, असे हेब ह्यांच्या नियमाचे सार पुष्कळ ठिकाणी देण्यात येते. ते ढोबळ आहे. मूळ शब्दांत पहिली पेशी दुसरीस चेतविण्यात भाग घेते असे आहे. अर्थात तिने दुसरीच्या किंचित आधी चेतले पाहिजे. १९९७ व १९९८ साली मार्क्रम, तसेच बी व पू ह्यांच्या प्रयोगांत हेच दिसले. पहिली पेशी सेकंदाच्या सुमारे दोन शतांश भागाच्या आत आधी चेतली तर सांधा बळकट होतो. तेवढ्याच अंतराने मागाहून चेतली तर दुबळा होतो. मेंदूस कारण व कार्य ह्यांचा क्रम कळतो, असेच म्हणावयाचे! मूळ ग्रंथ सोडून सारांशावर विसंबणाऱ्यांनी, मग ते परीक्षेपुरते वाचणारे विद्यार्थी असोत की आम्ही शिक्षक, ह्यावरून काय घ्यावे ते घ्यावे.

मन म्हणजे मेंदूचे कार्य, त्यापलीकडे काही नाही, असे हेब मानीत. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. वाद्याच्या तारा कशा जुळतात हे कळल्याने वाजविणारा कोणी नाही असे सिद्ध होत नाही. परंतु तारांविषयी हेब ह्यांनी जे शोधिले, ते शोधिलेच.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रकरण येथे गाळले तर चरित्र अपुरे राहील. १९५१ पासून कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाच्या पैशावर त्यांच्या विभागात एकांताचे प्रयोग झाले. साम्यवादी देशांच्या तुरुंगांत कैद्यांची मने कशी पालटविली जातात, हे जाणण्याची सरकारास त्या वेळी चिंता होती. विद्यार्थ्यांना दिवसास २० डॉलर देऊन एका लहान खोलीत निजवून ठेवीत; डोळ्यांवर धुरकट चष्मा, हातांवर पुठ्ठ्याची नळकांडी, कानाशी मऊ उशी. खाणेपिणे मिळे, मात्र पाहण्या-ऐकण्या-शिवण्यासारखे काही नसे. पैसा चांगला असूनही बहुतेकांनी दोन-तीन दिवसांपुढे तग धरला नाही. विचार विस्कळीत झाले, कित्येकांना नसलेली दृश्ये दिसू लागली. मेंदूस सतत नवे अनुभव लागतात, ह्या हेब ह्यांच्या मतास त्यातून मोठा आधार मिळाला हे खरे. पण प्रयोगांचा मूळ हेतू काही वर्षे गुप्त राखण्यात आला, आणि पुढे कैद्यांच्या डोक्यावर पिशव्या चढवून, कानांवर एकसारखा आवाज आदळून चौकशी करण्याचे जे प्रकार झाले, त्यांची चर्चा होताना ह्या प्रयोगांचे नाव निघू लागले. १९७१ साली उत्तर आयर्लंडात असे प्रकार घडले. ते हेब ह्यांनी केले नव्हते. तरीदेखील ज्या माणसाने दंगेखोर मुलास कोंडून न ठेवता मैदानावर पाठविले, त्याच्याच प्रयोगशाळेत मनुष्यास अनुभवावाचून कोंडण्याची रीत तपशीलवार अभ्यासिली जावी, हे वाचून मन खट्टू होते.

मॅक्गिल विद्यापीठात ते १९४७ साली प्राध्यापक म्हणून आले व पुढच्याच वर्षी विभागप्रमुख झाले. १९६० साली अमेरिकन मानसशास्त्र संघाचे अध्यक्षपद, १९६६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व, १९७० ते १९७४ मॅक्गिलचे कुलपतिपद, असे मान त्यांना मिळाले. तथापि नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग त्यांनी पुष्कळ वर्षे दुसऱ्या कोणाकडे सोपविला नाही. तो ते स्वतःच घेत, व त्या वर्गासाठी १९५८ साली त्यांनी एक पाठ्यपुस्तकही लिहिले. हेडमास्तरकी सुटली तरी मास्तरकी सुटली नव्हती.

निवृत्तीनंतर १९७७ साली ते चेस्टरला परत आले. ज्या गावी आईने घरी अक्षरओळख करून दिली, ज्या शाळेत ते नापास झाले व जेथे त्यांनी प्रथम खडू हाती घेतला, त्याच परिसरात त्यांचा शेवटचा काळ गेला. डलहौसी विद्यापीठाने १९८० साली त्यांस सन्माननीय प्राध्यापक नेमले. बेताचे गुण मिळवून बाहेर पडलेला विद्यार्थी पंचावन्न वर्षांनी त्याच दारातून पुन्हा आत गेला. सशांच्या मेंदूतील बळकट झालेले सांधे व १९८२ चे नवे गणित ही दोन्ही त्यांच्या हयातीतच प्रसिद्ध झाली. सांधे दुबळेही होतात ह्या भाकिताचा प्रत्यय येण्यास मात्र अजून दहा वर्षे होती. २० ऑगस्ट १९८५ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, डॉ. हेब ह्यांचे देहावसान झाले.